खाँसाहेबांची चाल

१९८१ सालची गोष्ट. मी तेव्हा डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. राहायला कल्याणात, दूधनाक्याजवळ, अब्बांच्या घरी. गणेशोत्सव जवळ आला होता आणि आमच्या ओळखीतल्या एका हौशी मंडळाने ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातले दोन प्रवेश बसवायचे ठरवले होते. गाण्यासाठी बँकेत नोकरी करणारा एक तरुण मिळाला होता. आवाज चांगला, पण रंगमंचावर उभा राहिला की हातांचे काय करावे ते त्याला सुचत नसे. तेव्हा त्याने पडद्याआड बसून गायचे आणि पुढे दुसऱ्या कुणीतरी खाँसाहेब म्हणून बसायचे, असे ठरले. हा दुसरा कुणी शोधताना दिग्दर्शकांची नजर माझ्यावर गेली.

‘‘मास्तर, तुम्ही असताना आम्ही शोधतोय कुणाला? तुम्हाला तर दाढीसुद्धा चिकटवायला नको!’’

सगळे हसले. मीही हसलो. दाढी मला होती, हे खरेच होते.

पहिल्या तालमीला मी माझी वाक्ये वाचली. दिग्दर्शकांनी थांबवले. म्हणाले, ‘‘असं नाही हो. हे तुम्ही वर्गात शिकवल्यासारखं बोलताय. जरा तुमच्यासारखं बोला ना.’’

‘‘माझ्यासारखं म्हणजे कसं?’’

‘‘म्हणजे... तुमच्या घरी बोलता तसं.’’

आता आमच्या घरी काय बोलत होते? आम्ही कोकणी मुसलमान. अम्मा संध्याकाळी दारात विचारायची, ‘‘कवा आयलास?’’ तिच्या तोंडची ती बोली ऐकून बरेलीच्या कुणा खाँसाहेबांना एक अक्षर कळले नसते. उर्दू मी मदरशात कुराण वाचण्यापुरती अक्षरओळख झाल्यावर सोडून दिली होती. पण हे सगळे तिथे सांगत बसणे मला जमले नाही. शेवटी आमच्या गल्लीत उत्तर प्रदेशातून आलेला एक शिंपी होता, त्याच्या दुकानात मी आठ दिवस जाऊन बसलो. तो कापड बेतताना बोलायचा आणि मी त्याचे शब्द, त्याचे हेल मनात घोळवायचो. मराठी मुसलमानाला मुसलमानासारखे बोलायला शिकवणी लावावी लागली, ती अशी.

नाटककारावर मी अन्याय करणार नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचा खाँसाहेब आफताब हुसैन हा बरेलीवालाच आहे. मराठी संस्थानात येऊन राहिलेला उत्तरेकडचा गवई. त्याची भाषा मिश्र असणे हे त्या माणसाला धरूनच आहे. मला टोचले होते ते ‘तुमच्यासारखं’ एवढेच.

ते नाटक मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बारा वर्षांचा होतो. अब्बा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांना दोन शौक, एक पान आणि दुसरा नाट्यसंगीत. हा दुसरा शौक त्यांना कुठून लागला हे मी कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पाळी नसेल त्या दिवशी ते रेडिओला कान लावून बसत. अक्षरशः कान लावून, कारण आवाज फार लहान ठेवलेला असे. माझे मामू तेव्हा जमातीत जाऊ लागले होते. एकदा ते आले असताना रेडिओवर बालगंधर्वांचे पद लागले होते. मामू म्हणाले, ‘‘भाईजान, गाणं-बजावणं आपल्यात नाही.’’ अब्बांनी वाद घातला नाही. नुसते बटण आणखी थोडे उलटे फिरवले आणि कान आणखी जवळ नेला.

तर अब्बांनी मला दादरला शिवाजी मंदिरात नेले. ‘कट्यार’चा पहिला प्रयोग १९६७च्या डिसेंबरात झाला होता, नाट्यसंपदाने नाटक काढलेले, आणि त्याची हवा तेव्हा जोरात होती. कथा आज बहुतेकांना ठाऊक आहे. विश्रामपूर नावाचे संस्थान. तिथला जो राजगायक होईल त्याला राहायला हवेली मिळते आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. पंडित भानुशंकरांच्या जागी खाँसाहेब राजगायक होतात, हवेली त्यांची होते. मग सदाशिव नावाचा एक तरुण येतो. त्याला पंडितजींचे गाणे शिकायचे असते. पंडितजी नाहीत, तर तो खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर होऊन राहतो आणि चोरून कान देऊन त्यांचे गाणे उचलतो.

खाँसाहेब झाले होते वसंतराव देशपांडे. मला त्या वयात गाण्यातले काही कळत नव्हते, पण त्या माणसाने खांद्यावरची शाल सावरली आणि स्वर लावला की अंगावर काटा येत होता. मध्यंतरात अब्बा पानाच्या ठेल्यापाशी मला म्हणाले, ‘‘हा नक्कल करत नाही खाँसाहेबांची. यानं उस्तादांच्या शिव्या खाल्ल्यात.’’ अब्बांनी हे नुसत्या कानाने ओळखले होते. वसंतराव लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे आणि मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्याकडे शिकले होते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले.

परत येताना शेवटच्या गाडीत अब्बांनी नाटकाचे पत्रक खिशातून काढले आणि दिव्याखाली धरून एका नावावर बोट ठेवले. संगीत : जितेंद्र अभिषेकी. ‘‘गाणारा दिसतो,’’ अब्बा म्हणाले, ‘‘हा दिसत नाही. पण चाल याची आहे.’’

त्या नावाचा माग मी तेव्हापासून काढत आलो. मी अभिषेकीबुवांना कधी भेटलो नाही. एकदा त्यांची मैफल ऐकली, तीही गाडी चुकल्याने उशिरा पोहोचून, मागे भिंतीला टेकून. बाकी सगळे कॅसेटींवरून, रेडिओवरून आणि वाचून. तेव्हा मी सांगतो ते एका दुरून ऐकणाऱ्याचे सांगणे समजावे.

बुवांचा जन्म २१ सप्टेंबर १९२९चा, गोव्यातल्या मंगेशीचा. दीनानाथ मंगेशकरांचेही गाव तेच. मूळ आडनाव नवाथे. मंगेशाच्या देवळात अभिषेक करण्याचे काम घराण्याकडे, म्हणून अभिषेकी. वडील बाळूबुवा कीर्तन करीत आणि पहिले सूर मुलाला त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे हा मुलगा गोवा सोडून बाहेर पडला, संस्कृत घेऊन पदवीधर झाला, मुंबईच्या आकाशवाणीवर कोकणी विभागात नोकरीला लागला. रेडिओवर एखादे गीत बसवायचे म्हणजे हाताशी चार-पाच मिनिटे. तेवढ्यात मुखडा कानात बसला पाहिजे, भाव पोचला पाहिजे आणि संपलेही पाहिजे. त्यांच्या पुढच्या नाट्यपदांत जी काटकसर दिसते ती मला या रेडिओच्या घड्याळाने शिकवलेली वाटते. हे माझे मत, चुकीचेही असेल.

पण खरी गोष्ट आहे ती त्यांच्या गुरूंची. आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित हे एक. हे जगन्नाथबुवा स्वतः विलायत हुसैन खाँसाहेबांचे शागीर्द. दुसरे अजमत हुसैन खाँ. तिसरे गुलूभाई जसदनवाला, व्यापारी माणूस, पण अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर गायकीतल्या बंदिशींचे भांडार बाळगून असलेले. म्हणजे मंगेशीच्या देवळात अभिषेक करणाऱ्या घरातला मुलगा अजमत हुसैन खाँसाहेबांपुढे मांडी घालून बसला आणि त्यांची बंदिश घोटू लागला. नाटकातल्या सदाशिवाला नाव लपवून, नोकर होऊन, दाराआडून शिकावे लागते. ज्याने त्या सदाशिवाच्या चाली बांधल्या त्याला तसे करावे लागले नाही. तो पुढच्या दाराने गेला.

या मंडळींची बंदिशीतली नावे मला फार आवडतात. बंदिश रचणारा शेवटच्या ओळीत आपली खूण ठेवतो. विलायत हुसैन खाँसाहेब ‘प्राणपिया’. अजमत हुसैन खाँसाहेब ‘दिलरंग’. जगन्नाथबुवा ‘गुणीदास’. आणि अभिषेकीबुवा ‘श्यामरंग’. ही चार नावे एका ओळीत लिहून कुणाला दाखवा आणि विचारा, यातले मशिदीत जाणारे कोण नि देवळात जाणारे कोण? सांगता यायचे नाही. मी हा प्रयोग शिक्षक-खोलीत करून पाहिला आहे. ‘प्राणपिया’ला सगळ्यांनी वृंदावनात पाठवले.

संगीत नाटकाला बुवांनी काय दिले हे समजायचे तर आधी ते कसे होते ते आठवावे लागेल. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले तेव्हा त्यात दोनशेच्या वर पदे होती. नाटक रात्रभर चाले, पद आवडले की वन्समोअर, आणि नायक युद्धाला निघालेला असला तरी तो परत येऊन तेच पद पुन्हा आळवी. लोकांना त्यात काही वावगे वाटत नसे, कारण लोक गाणेच ऐकायला आलेले असत. मग बोलपट आले, कंपन्या बसल्या. १९६०च्या सुमारास विद्याधर गोखल्यांच्या नाटकांनी आणि वसंत देसायांच्या संगीताने या प्रकारात पुन्हा जीव आणला. त्यानंतर १९६४ साली वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ आले आणि अभिषेकी हे नाव घरोघरी पोचले.

‘मत्स्यगंधा’तली पदे मोजकी आहेत. तानांची गर्दी नाही. गाणाऱ्याने आपली सगळी विद्या एका पदात ओतावी असा आग्रह नाही. जुन्या नाटकात गाणे सुरू झाले की गोष्ट थांबे आणि गाणे संपले की थांबलेल्या जागेवरून पुढे चाले. बुवांच्या नाटकात गाणे संपते तेव्हा गोष्ट चार पावले पुढे गेलेली असते. १९६६ साली शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले, त्याच सुमारास कानेटकरांचे ‘लेकुरे उदंड जाली’. या दुसऱ्यात तर बोलता बोलता माणसे गाऊ लागतात, पाश्चात्त्य म्युझिकलसारखी, आणि रागदारीची चौकट बाजूला ठेवली आहे. शास्त्रोक्त गाणाऱ्या माणसाने हे करावे याचे तेव्हा काही जाणत्यांना वाईट वाटले असणार. बुवा मात्र ख्याल एका हाताने आणि हे दुसऱ्या हाताने करत राहिले. पुढे होमी भाभा शिष्यवृत्ती मिळाली, अमेरिकेत पंडित रविशंकरांच्या संस्थेत शिकवून आले, १९८८ला पद्मश्री, पाठोपाठ संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. घरी शिष्य ठेवून घेऊन शिकवत. या गोष्टी कुठल्याही चरित्रकोशात मिळतील.

मला थांबायचे आहे ते ‘कट्यार’पाशी. ज्याला ‘कट्यार’चे संगीत करायचे आहे त्याच्यासमोर एक अडचण उभी असते. नाटकात दोन घराण्यांचे भांडण आहे. आता एकच माणूस दोन्ही बाजूंच्या चाली बांधणार! त्यातून पंडितजी सात्त्विक, भक्तिभावाचे. खाँसाहेब गर्विष्ठ, तडफदार. एवढ्यावर कुणीही सोपा मार्ग काढला असता. पंडितजींना चांगल्या चाली द्यायच्या आणि खाँसाहेबांना नुसत्या अवघड. म्हणजे लोक पंडितजींसाठी रडतील आणि खाँसाहेबांच्या ताना ऐकून दमतील. बुवांनी तसे केले नाही. ‘घेई छंद मकरंद’ हे पद घ्या. शब्द तेच, आणि त्याला दोन चाली आहेत. एक पंडितजींच्या रीतीची, दुसरी खाँसाहेबांच्या. मी आयुष्यभर दोन्ही ऐकत आलो. यातली हलकी कुठली हे मला ठरवता आलेले नाही. ज्या दिवशी मन शांत असते त्या दिवशी पहिली बरी वाटते, आणि अंगात जोर असेल त्या दिवशी दुसरी.

खाँसाहेब हवेलीत पाऊल टाकतात तेव्हाचे पद आठवा. या भवनातली जुनी, मवाळ, हळवी गाणी आता इथून जाऊ द्या, असा त्याचा भाव. हे घमेंडीचे गाणे आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या आठवणी झाडून काढण्याचे गाणे. पण चाल अशी उसळती, अशी तरणीताठी आहे की ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरतोच. त्या माणसाचा गर्व नुसता गर्व नाही, त्याच्या मागे उभ्या जन्माची मेहनत आहे, हे संवादांपेक्षा ती चालच जास्त सांगते. आणि ‘सुरत पिया की’मध्ये एकामागून एक राग उलगडत जातात तेव्हा तर त्या माणसाला खलनायक म्हणायची कुणाची छाती होत नाही. अजमत हुसैन खाँसाहेबांच्या पायाशी बसलेल्या माणसाने बांधलेला खाँसाहेब आहे तो. ज्याने खाँसाहेब घरात पाहिले आहेत, त्यांचा चहा, त्यांचा राग, त्यांची माया पाहिली आहे, त्याच्या हातून व्यंगचित्र होत नाही.

झरीना, खाँसाहेबांची मुलगी, झाल्या होत्या फैय्याज. सोलापूरच्या. ‘लागी कलेजवा कटार’ त्यांचेच. मला आठवते, नाटकाहून आल्यावर अम्माने विचारले होते, ‘‘ती पोर खरंच आपल्यातली?’’ अब्बा म्हणाले, ‘‘आपल्यातली, आणि गाते मराठी.’’ अम्मा गप्प झाली, पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला तिनेच ते सांगितले. याच फैय्याज २०१५ साली बेळगावला अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा अम्मा नव्हती.

मामू म्हणायचे, हे आपल्यात नाही. शाळेतले सहकारी, अगदी प्रेमाने, विचारायचे, ‘‘तुमच्यात कुठे नाट्यसंगीत ऐकतात?’’ दोघांचे वाक्य एकच होते, फक्त सर्वनाम वेगळे. मी दोन्हीकडे काही बोलत नसे. बोलायचे तर पुष्कळ होते. भास्करबुवा बखले, ज्यांना देवगंधर्व म्हणतात आणि ज्यांच्या नावाने आमच्या कल्याणचा गायन समाज महोत्सव करतो, त्यांनी ‘स्वयंवर’च्या चाली बांधल्या १९१६ साली. ते शिकले कुणाकडे? बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. गंधर्व कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मिरजेतच त्यांची मजार आहे, आणि त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मराठी रंगभूमीवर गाजल्या. म्हणजे मराठी माणसाने ज्याला आपले अस्सल म्हणून छातीशी धरले त्या गाण्याची मुळे कुणाकुणाच्या अंगणात गेली आहेत ते पाहावे. पण हे सारे व्याख्यानात शोभते. लोकलच्या डब्यात, डबा खाताना, कुणी हसत हसत विचारले की माणूस नुसता हसतो.

आमच्या त्या प्रयोगाचे सांगायचे राहिले. शिंप्याकडून शिकलेले हेल मी मनापासून वापरले. संवाद ठीक झाले असावेत, लोक दोन-तीनदा हसले. मग पडद्याआडून बँकेतल्या तरुणाने ‘सुरत पिया की’ सुरू केले आणि मला ओठ हलवायचे होते. पहिल्या दोन ओळींतच माझ्या लक्षात आले की हे होणार नाही. ती चाल अशी नव्हतीच की कुणी तोंडाचा चंबू करून तिच्यामागे धावावे. मी ओठ मिटले, डोळे मिटले, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि मान किंचित डावीकडे कलती करून बसून राहिलो. रेडिओपाशी अब्बा बसत तसा. गाणे संपले तेव्हा टाळ्या पडल्या, पडद्याआडच्या त्या मुलासाठीच पडल्या. पण दिग्दर्शक विंगेत मला मिठी मारून म्हणाले, ‘‘वा मास्तर! अगदी खरे खाँसाहेब!’’ आपण एका रेल्वे फिटरला मिठी मारत आहोत हे त्यांना कसे कळावे?

अब्बा मागच्या रांगेत येऊन बसले होते. स्टेशनवर येताना त्यांनी पान लावले आणि म्हणाले, ‘‘बोललास ते काय होतं ते मला काही कळलं नाही. बसलास मात्र बरोबर.’’

१९८६ साली मी डोंबिवलीत घर घेतले. दोन खोल्या, तिसरा मजला. अब्बा त्याआधी दोन वर्षे गेले होते. त्यांचा रेडिओ माझ्याकडे आला, मग टेपरेकॉर्डर आला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा नाट्यसंगीत मोठ्या आवाजात लावता आले. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून फर्माईश करायच्या. रविवारी सकाळी आमच्या जिन्यात अभिषेकीबुवा घुमत असत. सहा-सात वर्षे अशी गेली.

जानेवारी १९९३मध्ये एका संध्याकाळी सोसायटीचे चिटणीस आले. सज्जन गृहस्थ. हातात पेचकस होता. खाली जिन्यापाशी सगळ्यांच्या नावांचा फलक होता, त्यातली माझ्या नावाची पट्टी त्यांनी काढून आणली होती. म्हणाले, ‘‘मास्तर, चार दिवसांसाठी. तुमच्याच भल्यासाठी. दारावरची पण काढतो.’’ मी हो म्हणालो. काय म्हणणार? त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि मी त्यांनाच पाणी प्यायला दिले. आमच्या इमारतीत कुणी आम्हाला बोटही लावले नाही. काकू रोज दूध आणून देत होत्या. पंधरा दिवसांनी पाटी पुन्हा लागली. एक स्क्रू हरवला होता, त्यामुळे ती जराशी तिरपी बसली. येता-जाता मी ती सरळ करायचो आणि ती पुन्हा कलायची. मे महिन्यात आम्ही मुंब्र्याला, कौशात, राहायला आलो. त्या वर्षात असे पुष्कळजण आले.

सामान बांधताना कॅसेटींचा डबा बायकोने स्वतः मांडीवर घेतला. पण नव्या घरात बरेच महिने मी ‘कट्यार’ लावू शकलो नाही. जुनी गाणी इथून जाऊ द्या, हे ज्या जोशात मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो, ते आता ऐकवेना. आपण इतके दिवस खाँसाहेबांच्या अंगाने ते ऐकत होतो. हवेली सोडून जाणाऱ्या पंडितजींच्या कानाला ते कसे लागले असेल, हा विचार तोवर मनाला शिवला नव्हता. मग एके दिवशी पंडितजींच्या चालीतले ‘घेई छंद’ लावले. तिथून पुन्हा सुरुवात झाली. आवाज मात्र लहान. मशीद समोरच होती. शेजारी कुणी काही म्हणाले नव्हते, म्हणालेही नसते कदाचित. माझाच हात बटणाकडे जाऊन ते उलटे फिरवायचा.

७ नोव्हेंबर १९९८ला बुवा गेले. मी बातमी गाडीत वाचली, दिवा स्टेशन आणि डोंबिवलीच्या मध्ये. शाळेत त्या दिवशी नववीला अलंकार शिकवायचे होते. मी श्लेष शिकवला. ‘चाल’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि मुलांना अर्थ विचारले. चालणे, हल्ला, रीत, गाण्याची चाल. एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, चाल खेळणे पण.’’ तेही बरोबर होते.

२०१०मध्ये नाटक पुन्हा रंगभूमीवर आले, वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले. आणि १२ नोव्हेंबर २०१५ला चित्रपट आला. तो मी ठाण्यात पाहिला, बायको आणि मुलीबरोबर. थाटमाट मोठा आहे, गाणी गाजली, नवी पिढी त्यामुळे या गाण्याकडे वळली. महेश काळे या बुवांच्या शिष्याला त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला याचा आनंद मला घरच्या माणसाचा व्हावा तसा झाला. तरी एक गोष्ट सांगतो. पडद्यावरचा खाँसाहेब मला नाटकातल्यापेक्षा अधिक काळा वाटला. डोळ्यांत सुरमा अधिक, मत्सर अधिक. मध्यंतरात मागच्या रांगेतला एक तरुण मित्राला म्हणाला, ‘‘असेच असतात रे हे.’’ माझी मुलगी वळणार होती. मी तिचा हात दाबला. आपला बाप असा का वागतो हे तिला त्या दिवशीही कळले नाही आणि नंतर तिने मला ते बोलूनही दाखवले. तिचे बरोबर असेल. पण उत्तरार्धात बुवांची जुनी चाल आली आणि राहुल यांचा आवाज लागला तेव्हा मागचा तो तरुण हळूच ‘‘क्या बात है’’ म्हणाला. मी मुलीकडे पाहिले. तिने खांदे उडवले.

आता मी निवृत्त आहे. कॅसेटी घासून संपल्या. मुलीने सगळे मोबाईलमध्ये भरून दिले आहे आणि एक छोटा डबीएवढा स्पीकर आणला आहे. रात्री इशाची नमाज झाली, जेवणे आटोपली की मी तो खिडकीपासून लांब, कपाटावर ठेवतो आणि कान जवळ नेतो. परवा असाच बसलो होतो. दुसऱ्या चालीतले ‘घेई छंद’ लागले होते, खाँसाहेबांचे. बायको स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तिथूनच म्हणाली, ‘‘अहो, थोडा वाढवा की. इथे काही ऐकूच येत नाही.’’